घर विकण्याआधी तपासून घ्यावं का?

(छोट्या बचतदारांसाठी शंकर नगर, रायपूर इथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपण मुदत ठेव करायला जातो तेव्हा काय करतो? चार बँकांचे दर विचारतो. एका ठिकाणी पाव टक्का जास्त मिळत असेल तर उन्हातान्हात तिथे जातो. ज्येष्ठ नागरिकांचा अर्धा टक्का लागला की नाही, हे पावतीवर दोनदा बघतो. आणि हे योग्यच आहे. पै-पैचा हिशेब ठेवूनच आपण इथवर आलो.

पण आपली सगळ्यात मोठी ठेव बँकेत नसते. ती आपण राहतो त्या घरात असते. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या वडिलांनी किंवा सासऱ्यांनी नोकरीनिमित्त विदर्भातून इकडे येऊन, पगारातून वाचवून, एक-एक खोली वाढवत घर बांधलं. आता मुलं पुण्याला, नागपूरला, बंगळूरला, कुणाची अमेरिकेत. घर विकून मुलाजवळ जायचं किंवा लहान फ्लॅट घ्यायचा, हा विषय घराघरात चालू आहे. आणि ही सर्वात मोठी ठेव मोडताना आपण काय करतो? दलालाला फोन करतो आणि रंगाऱ्याला बोलावतो. घर आतून कसं आहे, हे कुणाला विचारतच नाही.

आजचा प्रश्न एवढाच आहे: विकण्याआधी जाणकार माणसाकडून घर तपासून घ्यावं का? माझं उत्तर ‘सगळ्यांनी घ्यावं’ असं नाही. कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये, आणि घेतलं तर त्या अहवालाचं काय करावं, हे तीन भाग आपण पाहू.

आमच्या घराची गोष्ट

मी बँकेच्या कर्जविभागात नोकरी केली. घरांचे कागद आयुष्यभर तपासले. तरीही आईचं घर विकताना मी चुकले, म्हणून आधी तेच सांगते.

वडील गेल्यावर आईने नागपूरला माझ्या भावाकडे जायचं ठरवलं. दलाल म्हणाला, ‘दीदी, रंग मारून घ्या, लगेच जाईल.’ मे महिन्यात रंग मारला. ८५ हजार रुपये गेले. घर दिसायला छान झालं. जुलैत पहिलं गिऱ्हाईक आलं. तोवर दोन मोठे पाऊस होऊन गेले होते. मागच्या खोलीत छताजवळ नव्या रंगाला फुगे आले होते. त्या गृहस्थांनी भिंतीवर हात ठेवला आणि आईला विचारलं, ‘माताजी, यहाँ पानी आता है क्या?’ आईने सरळ सांगितलं, ‘थोडा आता है. बाल्टी रख देते हैं.’ मी आईकडे डोळे वटारून पाहिलं. ते गृहस्थ चहा पिऊन गेले आणि परत आले नाहीत. त्यांना ओलीची भीती वाटली असं नाही. नव्या रंगाखाली ओल लपवली, असं त्यांना वाटलं. आणि खरं सांगायचं तर आम्ही तेच केलं होतं, फक्त न ठरवता.

पुढे एक जण स्वतःचा इंजिनिअर घेऊन आला. इंजिनिअरने गच्ची पाहिली, मान हलवली. खरेदीदार म्हणाला, ‘चार लाख कमी करा.’ चार लाख कशावरून? आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण आमच्याकडे आकडाच नव्हता. आईला दिवाळीच्या आत जायचं होतं. आम्ही हो म्हटलं. वर्षभराने नवे मालक भेटले. कठड्याच्या जोडातली चीर आणि पाण्याच्या नळाभोवतीची जागा, एवढंच निघालं होतं. दुरुस्तीला सुमारे ९० हजार लागले, असं त्यांनी सहज सांगितलं.

हिशेब करा. ४ लाखांतून ९० हजार वजा: ३ लाख १० हजार. त्यावर ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाला २१,७०० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण १,८०० रुपये. आईच्या औषधांचा महिन्याचा खर्च तेवढाच होता. तो पैसा खरेदीदाराने लुबाडला नाही. आम्हाला आमचंच घर माहीत नव्हतं, म्हणून तो गेला.

तपासणी म्हणजे काय, आणि काय नाही

आपल्याकडे तीन माणसं घर ‘बघून’ जातात आणि आपल्याला वाटतं की तपासणी झाली.

पहिला दलाल. तो किंमत सांगतो आणि व्यवहार जमवतो. सौदा झाला तरच त्याला पैसे मिळतात, त्यामुळे दोष शोधणं हे त्याचं काम नाही.

दुसरा बँकेचा मूल्यांकनकार. खरेदीदार कर्ज काढणार असेल तर बँक त्याला पाठवते. कर्ज बुडालं तर या घरातून किती वसूल होईल, हे तो बघतो. तो गच्चीवर फार वेळ काढत नाही, आणि त्याचा अहवाल तुमच्यासाठी नसतो. पण त्याच्या आकड्याचा परिणाम तुमच्यावर होतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं. समजा सौदा ५५ लाखांचा ठरला, पण घराची अवस्था बघून मूल्यांकनकाराने ५० लाख लिहिले. बँका साधारणपणे दोन्हींतला कमी आकडा धरतात. म्हणजे ४४ लाखांऐवजी जास्तीत जास्त ४० लाख कर्ज. उरलेले ४ लाख खरेदीदाराने कुठून आणायचे? तो तुमच्याकडेच येतो आणि म्हणतो, भाव कमी करा. तोवर तुम्ही बयाणा घेऊन बसलेले असता आणि नव्या घराचा बयाणा देऊनही मोकळे झालेले असता.

तिसरा वास्तुवाला. त्याच्याबद्दल मी बोलत नाही, कारण स्लॅब कुठे गळतो हे त्याचा विषय नाही.

मी म्हणते ती तपासणी म्हणजे सिव्हिल किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरने, तुम्ही फी देऊन, तुमच्यासाठी केलेली पाहणी. तो गच्ची, छत, भिंती, पाया, पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन, विजेचं वायरिंग आणि अर्थिंग, लाकूडकाम हे सगळं बघतो. मग लेखी देतो: दोष कुठे, कारण काय, दुरुस्ती काय आणि अंदाजे खर्च किती. साध्या एकमजली-दुमजली घराला बहुतेक वेळा एवढी डोळ्यांची पाहणी पुरते. काँक्रीटवर हातोडीसारखं यंत्र दाबून करायची रिबाउंड हॅमर चाचणी, ध्वनिलहरींची चाचणी, आतली सळई गंजते का हे बघणारी चाचणी, हे सगळं असतं. पण स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या असतील किंवा तुळईला मोठी चीर असेल तेव्हाच त्यांची गरज लागते. उगाच सगळ्या चाचण्यांचं बिल करून घेऊ नका.

महाराष्ट्रात तुमच्या मुलांचे फ्लॅट असतील तर हा विषय तिथे नवा नाही. तिथल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. अमेरिकेत खरेदीदार सहसा स्वतःचा तपासनीस आणतोच, आणि पुष्कळ राज्यांत विकणाऱ्याला माहीत असलेले दोष छापील फॉर्मवर लिहून द्यावे लागतात. आपल्या इथल्या स्वतंत्र घराला अशी कुणाची सक्ती नाही, म्हणून निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो.

‘न कळलेलंच बरं’ असं नाही का?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो मूर्खपणाचा नाही. कायदा काय म्हणतो ते पाहू.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्याचं पहिलंच कर्तव्य सांगितलं आहे. घरात किंवा मालकी हक्कात असा महत्त्वाचा दोष असेल, जो तुम्हाला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि साधारण काळजीने पाहूनही त्याला दिसणार नाही, तर तो तुम्ही त्याला सांगितला पाहिजे. न सांगणं ही फसवणूक मानली जाते, असं त्याच कलमात लिहिलं आहे.

यातले दोन शब्द नीट ऐका: ‘माहीत आहे’ आणि ‘दिसणार नाही’. दिवाणखान्याची फुटलेली फरशी खरेदीदाराला दिसते. ती त्याने बघून घ्यायची. पण रंगाखालची ओल, फर्निचरमागची वाळवी, फरशीखाली गळणारा पाइप त्याला दिसत नाही.

म्हणून कुणी म्हणतं, ‘तपासणी केली नाही तर मला माहीत नव्हतं असं म्हणता येईल.’ एका अर्थी हे खरं आहे. जे तुम्हाला खरोखर माहीत नव्हतं, ते न सांगितल्याचा दोष या कलमाने तुमच्यावर येत नाही. पण तीस वर्षं राहिलेल्या घराबद्दल हे कुणाला पटेल? दर पावसाळ्यात तुम्ही बादली ठेवत होता. बादली ठेवली म्हणजे माहीत होतं. शेजाऱ्यांना माहीत आहे, मोलकरणीला माहीत आहे, गेल्या वर्षी डांबर लावून गेलेल्या मिस्त्रीला माहीत आहे. तपासणीने अज्ञान संपत नाही, कारण अज्ञान नव्हतंच. दोष किती मोठा आहे, एवढंच कळायचं बाकी होतं.

हेही लक्षात ठेवा: तपासणी केल्यावर अहवाल कपाटात दडवता येत नाही. जे कळलं ते दुरुस्त करायचं किंवा सांगायचं. याची तयारी नसेल तर तपासणीच्या वाटेला जाऊ नका.

कुणी तपासणी करू नये

हे आधी सांगते, म्हणजे काहींचे पैसे आत्ताच वाचतील.

एक. घर जुनं आहे, प्लॉट मोठा आहे, रस्ता चांगला आहे, आणि घेणारा ते पाडून नवं बांधणार आहे. शंकर नगरसारख्या वस्तीत असे व्यवहार होतात. तिथे भाव जमिनीचा असतो. ज्या स्लॅबवर उद्या हातोडा पडणार, त्याच्या गळतीचा अहवाल कशाला? तो पैसा जमिनीची मोजणी आणि कागद नीट करण्यात घाला.

दोन. घर घेणारा जवळचाच आहे, पुतण्या किंवा वर्षानुवर्षांचा भाडेकरू. त्याला घराचे गुणदोष तुमच्याइतकेच माहीत आहेत. कागदावर ‘आहे त्या स्थितीत, हे दोष माहीत असून’ असं स्पष्ट लिहा आणि पुढे जा.

तीन. बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटचा ताबा मिळून ५ वर्षं झालेली नाहीत. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाचा दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरला ३० दिवसांत फुकट दुरुस्ती करून द्यावी लागते. तेव्हा आधी त्याला लेखी कळवा, मग विका.

कुणी जरूर करावी

घर १५-२० वर्षांहून जुनं आहे, पण राहण्यासाठीच विकलं जाणार आहे. घेणारा कर्ज काढणार आहे. तुम्हाला ओल, चिरा किंवा वाळवी दिसली आहे, पण तिचं मूळ माहीत नाही. घर वडिलोपार्जित आहे, चार भावंडांचा वाटा आहे, आणि भाव कमी झाला तर ‘तू स्वस्तात दिलंस’ असं ऐकावं लागेल. किंवा तुम्ही दुसऱ्या गावी राहता आणि घर बरेच दिवस बंद आहे. यांतली एक जरी गोष्ट लागू असेल तरी तपासणीची फी ही विम्याच्या हप्त्यासारखी समजा.

आधी स्वतः बघा

इंजिनिअरला बोलावण्याआधी एका रविवारी हे करा. याला पैसे लागत नाहीत.

गच्चीवर जा. पावसानंतर पाणी कुठे साचतं, कठड्याचा आणि स्लॅबचा जोड कुठे सुटला आहे, टाकीच्या खाली हिरवट शेवाळ आहे का, ते बघा. आपल्या इथे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि लगेच पाठोपाठ पाऊस येतो. तापलेलं काँक्रीट फुगतं, गार पडलं की आकसतं. जोड इथेच उघडतात.

छताच्या गिलाव्यावर काठीने हलके ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटला आहे. तांबूस डाग म्हणजे आत सळई गंजते आहे.

भिंतींच्या चिरा बघा. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक चिरांना घाबरू नका. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या गेलेल्या, बोटाचं नख जाईल एवढ्या चिरा मात्र पायाशी संबंधित असू शकतात. रायपूरच्या आसपास कुठे मुरमाड भाठा जमीन आहे, तर कुठे काळी कन्हार. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पायाचं घर तिच्याबरोबर हलतं. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. तीन महिन्यांत चीर पुढे गेली नाही, तर इंजिनिअरला सांगायला तुमच्याकडे पुरावा आहे.

दारांच्या चौकटी खालच्या बाजूला टोचून बघा. भुसभुशीत लागलं किंवा भिंतीवर मातीची बारीक नळी दिसली, तर वाळवी आहे.

रात्री सगळे नळ बंद करा, टाकीतल्या पाण्याची पातळी खुणा करून ठेवा, सकाळी बघा. उतरली असेल तर कुठेतरी गळती आहे.

शेवटी विजेच्या बोर्डाजवळ जा. जुन्या फ्यूजच्या जागी एमसीबी आहेत का, अर्थिंग चालू आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

आणि वेळेचं भान ठेवा. तपासणीला सर्वात चांगला काळ पावसाळा संपता-संपता, सप्टेंबर-ऑक्टोबर. तेव्हा ओल खोटं बोलत नाही. दुरुस्ती कोरड्या दिवसांत होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गिऱ्हाईक येतं, तोवर घर तयार असतं.

माणूस कसा निवडावा

फीचा ठरलेला दर नाही. दोन-तीन इंजिनिअरांना विचारा आणि तीन गोष्टी आधीच लेखी घ्या: काय-काय बघणार, अहवाल किती दिवसांत देणार, फी किती.

सर्वात महत्त्वाचा नियम: जो तपासेल त्याला दुरुस्तीचं काम देऊ नका. वॉटरप्रूफिंगवाला ‘फुकट तपासणी’ करून देतो, तेव्हा त्याला गच्चीत वॉटरप्रूफिंगच दिसतं. फी देऊन घेतलेला सल्ला स्वस्त पडतो, हे मी बँकेत शेकडो फायली पाहून सांगते.

अहवाल आला. आता?

इथे बहुतेक लोक दुसरी चूक करतात. अहवालात बारा दोष निघाले म्हणून बाराही दुरुस्त करायला लागतात आणि बचत संपवतात. तपासणीची फी लहान असते, खरा पैसा दुरुस्तीत जातो. तेव्हा दोषांचे तीन ढीग करा. उदाहरणासाठी आकडे धरते, तुमचे वेगळे असतील.

पहिला ढीग: खर्च कमी, भीती मोठी. गच्चीचं वॉटरप्रूफिंग ७० हजार, बाथरूमचा गळका पाइप २५ हजार, वाळवीचं औषध १२ हजार. एकूण १ लाख ७ हजार. हे दोष खरेदीदाराच्या मनात चार-पाच लाखांचे होतात. म्हणून ते दुरुस्त करा. बिल, वॉरंटीचा कागद आणि कामाआधीचे-नंतरचे फोटो फाइलमध्ये लावा. आधी दुरुस्ती, मग रंग, हा क्रम कधीही उलटा करू नका.

दुसरा ढीग: खर्च मोठा, आकडा अनिश्चित. समजा पोर्चच्या स्लॅबच्या सळया गंजल्या आहेत आणि खर्च २ ते साडेतीन लाख सांगितला आहे. हातात पैसे नसतील तर यासाठी कर्ज काढू नका, मुदत ठेव मोडू नका. दोन कोटेशनं घ्या आणि खरेदीदारासमोर ठेवा: ‘हा दोष आहे, हा खर्च आहे, भाव यानुसार धरला आहे.’ समोर कागद असला की घासाघीस त्या आकड्याभोवती होते, भीतीभोवती होत नाही.

तिसरा ढीग: जुनं, पण दोष नाही. स्वयंपाकघराचा ओटा, बाथरूमच्या टाइल्स, जुनी फरशी. याला हात लावू नका. तुम्ही दीड लाखाच्या टाइल्स बसवाल आणि नवी सून आल्यावर ती त्या उपटून स्वतःच्या पसंतीच्या बसवेल.

पहिल्या ढिगातली दुरुस्ती करताना एक प्रश्न विचारा: हे न करता विकलं तर भाव याहून जास्त कमी होईल का? उत्तर ‘हो’ असेल तरच खर्च करा. उत्तर माहीत नसेल तर ओळखीतल्या दोन जणांना खरेदीदार बनून घर बघायला सांगा. ते कुठे थांबतात, कुठे नाक मुरडतात, ते लिहून ठेवा.

कागदांचीही तपासणी

भिंतीइतकेच कागद गळतात. रजिस्ट्री, नगर निगमच्या मालमत्ता कराच्या पावत्या, नामांतरण, मंजूर नकाशा, आणि जमीन खसऱ्याची असेल तर भुइयां पोर्टलवरचा खसरा आणि बी-१, हे एका फाइलमध्ये लावा. जमीन लीजची असेल तर ती फ्रीहोल्ड झाली आहे का, हे बघा. कलम ५५ मध्ये मालकी हक्कातला दोषही सांगायचा असतो, हे विसरू नका.

आपल्या घरांत एक गोष्ट हमखास सापडते: नकाशात नसलेली वरची खोली. मुलाच्या लग्नाच्या वेळी घाईने चढवलेली. खरेदीदाराची बँक मंजूर नकाशा मागते तेव्हा ती खोली अडते. अनधिकृत बांधकाम नियमित करण्याचा कायदा छत्तीसगडमध्ये २००२ पासून आहे. तुमच्या बाबतीत आज अर्ज करता येतो का आणि दंड किती पडेल, हे विक्रीला घर लावण्याआधी निगममध्ये विचारा, सौदा ठरल्यावर नाही.

फ्लॅट असेल तर तुमच्या चार भिंतींपुरतंच बघून चालत नाही. गच्ची, लिफ्ट, खांब, टाक्या सगळ्यांच्या असतात. सोसायटीकडून शेवटच्या दुरुस्तीची आणि थकबाकी नसल्याची माहिती लेखी घ्या.

करार आणि कर

दोष तोंडी सांगितले तर उद्या कुणाला आठवत नाहीत. विक्रीच्या करारनाम्याला अहवालाची प्रत जोडा आणि ‘खरेदीदाराने हा अहवाल वाचला आहे’ यावर सही घ्या. एवढ्याने पुढची पुष्कळ भांडणं टळतात. मजकूर वकिलाकडून बघून घ्या.

बयाणा घेताना सांभाळा. मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, बयाणासुद्धा नाही. घेतली तर घेतली तेवढाच दंड होऊ शकतो.

घराच्या नफ्यावर कर लागतो तेव्हा घरात भर घालणारा खर्च, उदाहरणार्थ नवी खोली, घराच्या किमतीत धरता येतो. रंग आणि नेहमीची डागडुजी साधारणपणे धरता येत नाही. कोणता खर्च कुठे बसतो, हे चार्टर्ड अकाउंटंट सांगेल, पण त्यासाठी बिल लागतं. म्हणून मिस्त्रीला रोख देऊन मोकळे होऊ नका. बिल घ्या, बँकेतून पैसे द्या.

शेवटी

तपासणी केल्याने घराचा भाव वाढेलच, असं वचन मी देत नाही. कधी अहवालात असं काही निघतं की ठरवलेली किंमत आपल्यालाच कमी करावी लागते. वाईट वाटतं. पण ती बातमी आपल्याला आपल्या घरात, आपल्या वेळेत, नवं घर घेण्याआधी कळते. बयाणा हातात असताना, ट्रकवाला ठरलेला असताना, दुसऱ्याच्या इंजिनिअरच्या तोंडून ती कळली, तर मग ऐकण्यापलीकडे आपल्या हातात काही उरत नाही.

आईने त्या दिवशी खरं सांगितलं, आणि मी तिच्यावर डोळे वटारले. आज वाटतं, चूक तिची नव्हती. तिच्या खऱ्या उत्तरामागे एक कागद हवा होता: ‘हो, पाणी येतं. कठड्याच्या जोडातून येतं. दुरुस्तीला ९० हजार लागतात. करून देऊ, किंवा तेवढे कमी करू.’ मला वाटतं, एवढं ऐकून ते पहिले गृहस्थ परत आले असते.

तेव्हा या रविवारी गच्चीवर जा. घर विकायचं नसलं तरी जा. आणि घरात कुठे बादली ठेवायची सवय लागली असेल, तर आधी तिथलं छत बघा.